कांद्याची मान किती ठेवायची? एका चाळीतल्या प्रश्नावरून वैज्ञानिक तपास शिकूया

शाळांच्या विज्ञान प्रकल्पांत एक गोष्ट हमखास दिसते. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि मोजमाप त्याच्या सोयीने मागून येते. ‘गोदावरीचे प्रदूषण’, ‘सेंद्रिय खताचे फायदे’ अशी शीर्षके वाचली की आत काय असणार ते वही न उघडता सांगता येते. प्रदूषण आहे, खत चांगले आहे, आपण जागरूक राहिले पाहिजे. पण यात नवे काय कळले? आपले म्हणणे खोटे ठरण्याची वाटच ज्या कामात ठेवलेली नाही, त्याला मी तपास म्हणत नाही. ते फार तर सजवलेले मत.

१९९३पासून देशभर भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून हेच मागते: आपल्या परिसरातला प्रश्न घ्या आणि स्वतः शोधा. मुलांसाठी, त्यांच्यामागे बसणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी आणि निव्वळ शंका आली म्हणून काही तपासू पाहणाऱ्या कोणासाठीही हा लेख आहे. त्यात एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत जाऊ. प्रश्न कांद्याच्या मानेचा, म्हणजे पात कापताना कांद्यावर ठेवतात त्या देठाच्या तुकड्याचा आहे, कारण नाशिक जिल्ह्यात निफाड, येवला, चांदवड, कळवण, सटाणा यांपैकी कुठेही राहत असलात तर कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, हाकेच्या अंतरावर असते. साहित्यही फारसे लागत नाही. वजनकाटा, जाळीच्या गोण्या, वही आणि चिकाटी, एवढे पुरते.

प्रश्न आटोक्यात आणा

“चाळीतला कांदा का सडतो?” हा प्रश्न ऐकायला छान आहे, पण त्याचा तपास करता येत नाही. वाण, शेवटची पाणी पाळी, उशिरा दिलेला युरिया, काढणीच्या वेळी आलेला अवकाळी पाऊस, नीट न सुकलेली पात, ढिगाची उंची, पावसाळ्यातली दमट हवा अशी अनेक कारणे एकमेकांत अडकलेली असतात. सगळी एकदम पकडायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

म्हणून आधी चाळीत जा आणि माणसांशी बोला. चाळीचा मालक, खांडणी म्हणजे कांद्याची पात कापण्याचे काम करणाऱ्या बायका, मार्केटला माल नेणारा पिकअपवाला, प्रत्येकाकडे आपापले निरीक्षण असते. “मान फार बारकी कापली की कांदा तोंडाकडून सडतो” असे खांडणीवाल्या मावशी सांगतील. हे वाक्य सोने आहे, कारण ते तपासता येते. त्यानंतर वाचन. राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, आपल्याच जिल्ह्यात चितेगाव फाट्यावर असलेले राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान यांच्या पुस्तिका आणि शिफारशी मिळवा. नाशिक शहरात असाल तर सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे १८४०पासून चालू असलेल्या आपल्या सावानात, शेतीविषयक मासिके चाळा.

काढणीनंतरची सर्वसाधारण शिफारस अशी: कांदा पातीसह तीनचार दिवस शेतात सुकू द्यावा, मग साधारण एक ते दीड इंच मान ठेवून पात कापावी आणि नंतर सावलीत आणखी सुकवावा. प्रत्यक्षात उक्त्या कामाची खांडणी चालू असते, विळा भराभर फिरतो आणि कुठे दीड इंच मान राहते, कुठे अर्धाच. म्हणजे शिफारस माहीत असूनही एक खरा प्रश्न उरतोच. तो असा लिहा:

“एकाच शेतातल्या उन्हाळ कांद्याची मान अर्धा इंच ठेवली, तर दीड इंच ठेवलेल्या कांद्याच्या तुलनेत ९० दिवसांत जास्त नग खराब होतात का?”

या वाक्यात कोणता कांदा, कशाची तुलना, किती दिवस आणि काय मोजायचे हे सगळे आले. यातला एक शब्द जरी सैल राहिला तरी तो पुढे महिनाभर छळतो. प्रश्नावर दोन आठवडे घालवा, वाया जात नाहीत.

अपेक्षा आधी कागदावर

आता वहीत तुमचा अंदाज लिहा, कारणासह. “अर्धा इंच मान ठेवलेले कांदे जास्त खराब होतील, कारण आखूड मानेचे तोंड सुकून नीट मिटत नाही आणि त्या वाटेने बुरशी, जिवाणू आत जातात.” त्याखाली लगेच दुसरे वाक्य लिहा: “दोन्ही गटांत खराब नग जवळपास सारखे निघाले, किंवा दीड इंचवालेच जास्त निघाले, तर माझा अंदाज चुकला.” तारीख घाला आणि शिक्षकांची किंवा घरातल्या कोणाची सही घ्या.

ही सही नुसती औपचारिकता नाही. तीन महिन्यांनी आकडे समोर आले की मन फार हुशारीने वागते. “आम्ही खरे तर वजनाकडे बघत होतो, नगांकडे नाही” असे सुचू लागते. तारखेसह लिहिलेले पान त्या हुशारीला आळा घालते. शेवटी कोणता आकडा मुख्य धरणार आणि तो कसा तपासणार, हेही याच पानावर लिहून टाका.

फरक एकच, बाकी सारे सारखे

एका शेतकऱ्याच्या चाळीतला आखूड मानेचा कांदा आणि दुसऱ्याच्या चाळीतला लांब मानेचा कांदा यांची तुलना करू नका. तिथे मानेखेरीज आणखी दहा गोष्टी वेगळ्या असतात. सगळा कांदा एकाच वावरातला, एकाच वाणाचा, एकाच दिवशी काढलेला आणि सारखाच सुकवलेला हवा. त्यातून ५ ते ६ सेंमी व्यासाचे मध्यम नग निवडा. जोड कांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे), गोल्टी (अगदी लहान कांदे) आणि विळा लागलेले नग बाजूला काढा. कापायचे काम एकाच माणसाला द्या आणि मानेची लांबी डोळ्यांनी न ठरवता पट्टीने मोजायला सांगा. किंवा दोन खुणा केलेली काडी हातात द्या. दोन्ही गटांच्या कापणीला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून टिपा, नंतर उपयोगी पडेल.

शहरातल्या मुलांना बहुधा गोदावरीचेच पाणी तपासायचे असते, त्यांच्यासाठी इथे थोडे विषयांतर. सोमेश्वरचे पाणी सकाळी सातला आणि तपोवनाचे दुपारी दोनला घेतले, तर पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूतला फरक जागेचा की वेळेचा हे सांगता येणार नाही. उजेडात शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच तो वापरतात, त्यामुळे एकाच जागेचा आकडाही पहाटे आणि दुपारी वेगळा येतो. गंगापूर धरणातून आवर्तन सुटले असेल तर आणखी वेगळा. म्हणून जागा बदलायची असेल तर वेळ सारखी ठेवा, शक्यतो दोन गट करून एकाच वेळी नमुने घ्या आणि पुढच्या खेपेला गटांनी जागा बदला. धरणातून पाणी सुटले होते का, रामकुंडावर पर्वणीची गर्दी होती का, याची नोंद नमुन्याच्या बाटलीवरच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची.

पन्नास कांदे म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे ढासळतात, म्हणून जरा थांबू.

समजा, एका गोणीत अर्ध्या इंचाचे ५०० कांदे भरले, दुसरीत दीड इंचाचे ५००, आणि शेवटी पहिलीत जास्त सडके निघाले. “हजार कांद्यांवर प्रयोग केला” असे फलकावर लिहायला बरे वाटते. पण कांदा सडू लागला की त्याचे पाणी शेजारच्याला लागते आणि तोही जातो. एका गोणीतले नग एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. पहिल्या गोणीवर पत्र्याची गळती झाली असेल किंवा तिच्यात चुकून एकच सडका नग गेला असेल, तर सगळा फरक तेवढ्यानेच पडू शकतो. खरे पाहता तुमच्याकडे प्रत्येक गटाचा एकेकच पुरावा आहे, ५०० नाहीत.

उपाय सोपा आहे. गोण्या लहान करा आणि संख्या वाढवा. प्रत्येकी ५० नगांच्या २० जाळीच्या गोण्या भरा, १० अर्ध्या इंचाच्या आणि १० दीड इंचाच्या. कांदे तेच हजार, साधारण ८० ते ९० किलो, पण आता स्वतंत्र पुरावे १० जोड्यांचे. चाळीच्या दोन्ही अंगांना, हात पोहोचेल अशा १० जागा निवडा. काही वाऱ्याच्या बाजूला, काही आडोशाला, काही खाली, काही वर. प्रत्येक जागी एक जोडी ठेवा. जोडीतल्या दोन गोण्या शेजारी असाव्यात, पण एकमेकींना चिकटलेल्या नकोत. म्हणजे जागेचा परिणाम दोघींवर सारखा होतो आणि उरतो तो मानेचा.

चाळ दुसऱ्याची असेल तर आधी रीतसर विचारा. ९० दिवस क्विंटलभर माल अडकतो, वरून पोरांची ये-जा. चांगले राहिलेले कांदे परत द्यायचे आणि खराब झालेल्यांचे काय करायचे, हे बोलून घ्या.

चिठ्ठ्या टाका

कोणता कांदा कोणत्या गटात जाणार हे हाताने ठरवू नका. मनात नसतानाही चांगले दिसणारे नग दीड इंचाच्या ढिगात जातात. निवडलेले हजार नग एकत्र कालवा, त्यातून न बघता पन्नास-पन्नासाचे २० ढीग करा आणि कोणत्या ढिगाची मान किती ठेवायची ते चिठ्ठ्या काढून ठरवा. जोडीतली कोणती गोणी डावीकडे, कोणती उजवीकडे, तेही नाणे उडवून.

पोरखेळ वाटेल, पण आधुनिक शेतीप्रयोगांचा पाया हाच आहे. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगात यदृच्छेने वाटणी का हवी हे गणिताने मांडले. आपल्याकडे पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात, त्यातही कोणत्या शेताचा कोणता तुकडा कापायचा हे असेच निवडतात. ती पद्धत भारतात रुजवण्यात पांडुरंग सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे या दोघा संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. रस्त्यालगतचे बरे दिसणारे वावर निवडले असते तर अंदाज दर वर्षी फुगलाच असता.

काटा, बारदान आणि ‘खराब’ची व्याख्या

वजन दर १५ दिवसांनी घ्या, गोणी न उघडता. सुरुवातीचे धरून ९० दिवसांत सात वजने होतात. प्रत्येक खेपेला आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते पाहा, मग किराणा दुकानातून उसने आणलेले एक किलोचे प्रमाणित माप ठेवून काटा काय दाखवतो ते लिहा. १००५ ग्रॅम दाखवला तर तसेच लिहा, मनाने दुरुस्त करू नका. बारदानाचे वजन आधीच वेगळे करून ठेवा. गोण्या ज्यूटच्या नकोत. पावसाळ्यात ज्यूट ओल धरते, कांद्याचे वजन घटत असताना बारदानाचे वाढते आणि काटा भलतेच सांगतो.

तरी मुख्य भरवसा वजनावर नको. कांदा सुकूनही घटतो आणि सडूनही, शिवाय सडक्याचे पाणी खाली गळून जाते. शेवटच्या दिवशी नग मोजणे जास्त पक्के: ५० पैकी किती चांगले, किती सडके, किती कोंब आलेले.

आता ‘खराब’ म्हणजे नेमके काय? भरण्याआधीच लिहा. उदाहरणार्थ, मानेपाशी अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागतो तो सडका. वरच्या सुक्या पापुद्र्यावरची काजळी, म्हणजे काळी बुरशी, चालेल, पण ती आतल्या रसरशीत पाकळीपर्यंत पोहोचली असेल तर खराब. मानेतून हिरवा कोंब बाहेर दिसला तर कोंब आलेला. प्रत्येक प्रकारचा एकेक फोटो काढून वहीत चिकटवा, म्हणजे वाद झाला की फोटोकडे बोट दाखवता येते. काजळीचे कांदे हाताळताना मास्क लावा, ती भुकटी नाकातोंडात जाते.

यात एक अडचण आहे. निवडणाऱ्याला मान दिसते, म्हणजे गोणी कोणत्या गटाची हे त्याला लगेच कळते, आणि संशयाचा फायदा कोणाला द्यायचा तेही ठरून जाते. मी सुचवतो ते असे: एका मित्राने सगळ्या गोण्या क्रमांक लावलेल्या क्रेटमध्ये ओतायच्या आणि निवडीच्या आधी प्रत्येक कांद्याची मान पूर्ण सपाट छाटून टाकायची. कोंब आलेले नग त्यानेच मोजून आधी बाजूला काढायचे. कोणता क्रमांक कोणत्या गटाचा, हा कागद त्याने पाकिटात बंद करायचा. मग दुसऱ्या दोघांनी एकमेकांना न विचारता निवड करायची. दोघांच्या मोजणीत फार तफावत आली तर व्याख्याच नीट नव्हती असे समजा.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र हल्ली सहज मिळते. दोन आणाल तर एक दिवस दोन्ही शेजारी ठेवून त्यांचे आकडे जुळतात का बघा, मगच चाळीत टांगा.

हे सगळे सुरू करण्याआधी दोन गोण्यांची आठवडाभर रंगीत तालीम करा. काटा चाळीत कुठे ठेवायचा, जमीन सपाट आहे का, जाळी फाटते का, असले प्रश्न तेव्हाच सुटलेले बरे.

वही

पाने शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. पेनने लिहा. खोडायचे असेल तर एक रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आकडा वाचला की तिथल्या तिथे लिहायचा. ‘घरी गेल्यावर लिहू’ म्हणजे आठवणीतून लिहू. रोजच्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण चाळ, पावसाळा आणि वही यांचे जमत नाही.

आकड्यांशी बोलणे

प्रत्येक जोडीसाठी एकच वजाबाकी करा: अर्ध्या इंचाच्या गोणीतले खराब नग वजा दीड इंचाच्या गोणीतले. १० आकडे मिळतील. आता विचारा, मानेचा काहीच परिणाम नसता तर असे आकडे नुसत्या योगायोगाने येऊ शकले असते का?

यासाठी संगणक लागत नाही. परिणाम नसेल तर प्रत्येक जोडीत कोणती गोणी जास्त खराब निघेल हे नाणेफेकीसारखे. १० नाणी पडण्याच्या १०२४ रीती. त्यात दहाच्या दहा एका ठरावीक बाजूला पडण्याची रीत १, नऊ पडण्याच्या १०, आठ पडण्याच्या ४५. समजा तुमच्या १० पैकी ९ जोड्यांत अर्धा इंचवाली गोणी हरली. नऊ किंवा त्याहून जास्त मिळून ११ रीती. उलट बाजूनेही असेच घडू शकले असते, म्हणून दुप्पट करून २२. १०२४ पैकी २२ म्हणजे सुमारे २ टक्के. योगायोग म्हणून सोडून देण्याजोगे हे नाही. पण १० पैकी ८च जोड्या असतील तर हिशेब होतो ५६ दुणे ११२, म्हणजे सुमारे ११ टक्के. तिथे जपून बोला. एखाद्या जोडीत दोन्ही गोण्या बरोबरीत सुटल्या तर ती बाजूला ठेवून उरलेल्यांवर हाच हिशेब करा.

मात्र एवढ्यावर थांबू नका. फरक किती, हेही बघा. ९ जोड्यांत अर्धा इंचवाली गोणी हरली, पण ५० मागे एकाच नगाने, तर फरक खरा असेल, पण तो २ टक्क्यांचा. त्यासाठी खांडणीची सवय बदलायची का, हे शेतकरी ठरवील. आणि काहीच फरक दिसला नाही तर “मानेचा परिणाम होत नाही” असे लिहू नका. “१० जोड्यांत फरक दिसला नाही” एवढेच लिहा, कारण लहान फरक पकडायला १० जोड्या पुरत नाहीत.

मध्येच पत्र्याची गळती होऊन सहावी जोडी भिजली, असे होणारच. ती जोडी गुपचूप वगळायची नाही. तिच्यासह आणि तिच्याशिवाय, दोन्ही हिशेब मांडा आणि का भिजली ते लिहा. परीक्षक चांगला असेल तर हाच परिच्छेद वाचून तुम्हाला जास्त गुण देईल.

लिहिणे आणि दाखवणे

अहवालाचे शीर्षक म्हणजे तुमचा प्रश्न. आलेख एकच पुरे: १० जोड्या, प्रत्येकीचे दोन ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ. रंगीत गोलाकार चित्रे आणि थर्माकोलचा कांदा यांना माझ्या लेखी काडीची किंमत नाही. कच्च्या नोंदींचा पूर्ण तक्ता शेवटी जोडा, म्हणजे कोणालाही हिशेब पुन्हा करून पाहता येईल. मर्यादा स्पष्ट लिहा: एक वाण, एक चाळ, एकच उन्हाळा. एप्रिलच्या मध्यात भरलेली गोणी जुलैच्या मध्यात उघडते, म्हणजे पावसाळ्याचा पहिला टप्पाच तिने पाहिलेला असतो. श्रावणातले बोलायचे असेल तर मुदत १२० दिवस ठेवावी लागेल, तीही पहिल्याच दिवशी ठरवून.

अहवाल शाळेत देण्याआधी चाळीच्या मालकाला वाचून दाखवा. तो आलेखाकडे फार वेळ बघणार नाही. दीड इंच मान ठेवायला खांडणीचा वेळ वाढतो का, आणि लांब मानेचा कांदा मार्केटला नेताना पुन्हा छाटावा लागेल का, हे विचारील. पहिल्याचे उत्तर तुम्ही घड्याळ लावून टिपलेले आहे, ते सांगा. दुसरा प्रश्न पुढच्या उन्हाळ्यासाठी वहीत लिहून घ्या.